‘ढ’ कोणाला म्हणावे?



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्यांनी बेळगावच्या या परिसरात अनेक पिढ्यांना अक्षरओळख करून दिली. अशा व्यक्तीच्या नावाने होणारे व्याख्यान देण्यासाठी आपण मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजते. मी तीस वर्षे अध्यापक महाविद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र हा विषय शिकविला. त्या विषयातील मोठमोठे सिद्धान्त आज आपणापुढे मांडावेत असा माझा विचार नाही. शाळेच्या रोजच्या व्यवहारातील एकच प्रश्न मी निवडला आहे. एखाद्या मुलाला बुद्धी कमी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते नेमके कशाच्या आधारावर म्हणतो?

हा प्रश्न पुस्तकी नाही. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी अनेक शाळांतून मुलांच्या तुकड्या पाडल्या जातात. गेल्या वर्षीच्या गुणांच्या यादीवर एक नजर टाकली जाते आणि अमका ‘अ’ तुकडीत, तमका ‘ड’ तुकडीत असा निर्णय होतो. हा निर्णय करावयास शिक्षकाला एखादी दुपार पुरते. मुलाला मात्र तो पुढे कित्येक वर्षे वागवावा लागतो. ‘ड’ तुकडीतील मुलाला शिक्षक प्रश्न कमी विचारतात, घरचे अपेक्षा कमी ठेवतात, आणि काही दिवसांनी तो मुलगाही स्वतःकडून काही अपेक्षा ठेवीनासा होतो. मग आपण म्हणतो, पाहा, आमचा अंदाज खरा ठरला.

मराठी शाळेत ‘ढ’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येताना बहुतेक अक्षरांची रूपे पार पालटली, ‘ढ’चे रूप मात्र जवळजवळ तसेच राहिले, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची एक उपपत्ती सांगतात. उपपत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागील समजूत मात्र सर्वत्र रूढ आहे. बुद्धी ही एकच एक वस्तू आहे, ती जन्मतःच कमीअधिक वाटून मिळालेली असते, आणि मिळाली तेवढीच ती राहते, अशी ही समजूत. तिचे तीन भाग आहेत: बुद्धी एक आहे, ती मोजता येते आणि ती बदलत नाही. या तिन्ही भागांची आज आपण थोडी तपासणी करू.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. आपण एखाद्याला हुशार म्हणतो, दुसऱ्याला चलाख, तिसऱ्याला धोरणी, चौथ्याला समंजस. कोणी हजरजबाबी असतो, कोणी कल्पक असतो, कोणी पोक्त विचाराचा असतो. एखाद्या सुताराच्या हाताला गुण आहे असे म्हणतो, एखाद्या मुलीच्या गळ्यात सूर आहे असे म्हणतो. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. धोरणी माणूस हजरजबाबी असेलच असे नाही. आपल्या प्राचीन परंपरेतही स्मृती, मती, बुद्धी, प्रज्ञा, मेधा, प्रतिभा असा भेद केलेला आढळतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाच्या प्रज्ञेचे गुण सांगितले आहेत. त्यांत ऐकण्याची इच्छा, प्रत्यक्ष ऐकणे, ग्रहण करणे, लक्षात ठेवणे, समजून घेणे, तर्क करणे, अयोग्य ते वगळणे आणि तत्त्वाला धरून राहणे, अशा पायऱ्या येतात. यांतील पहिल्या पायरीकडे मी शिक्षकांचे लक्ष वेधू इच्छिते. ऐकण्याची इच्छा हीदेखील तेथे प्रज्ञेचा गुण म्हणून मोजली आहे. मुलाच्या मनात ती इच्छा उत्पन्न करणे हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते.

बुद्धिमापनाची आधुनिक कथा पॅरिसमध्ये सुरू होते. सर्वांसाठी शिक्षण सक्तीचे झाल्यावर तेथील वर्गांत अशी काही मुले आढळू लागली की ज्यांना नेहमीच्या अध्यापनाचा लाभ होत नव्हता. अशा मुलांसाठी काय करावे याचा विचार करण्यास फ्रेंच सरकारने १९०४ साली एक समिती नेमली. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने तिचे सभासद होते. त्यांनी थिओडोर सिमॉन या तरुण सहकाऱ्यासह १९०५ मध्ये तीस लहान लहान कसोट्यांची एक श्रेणी तयार केली. हलणाऱ्या दिव्याकडे नजर वळविणे येथपासून अमूर्त शब्दांतील भेद सांगणे येथपर्यंत सोप्याकडून अवघडाकडे अशी तिची रचना होती. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत कसोट्या वयानुसार लावल्या गेल्या आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना रूढ झाली.

बिने यांचा हेतू काय होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोणत्या मुलाला अधिक मदत लागेल हे शोधून काढणे, एवढ्याचसाठी ती श्रेणी होती. बुद्धी हे एक ठरावीक माप असून ते वाढविता येत नाही असे मानणाऱ्यांवर त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली, आणि मागे पडणाऱ्या मुलांसाठी अवधान, स्मरण व निरीक्षण यांचे व्यायाम सुचविले. मुलांनी पुतळ्यासारखे निश्चल बसून राहण्याचा खेळ हा त्यांतलाच एक. स्वतःवर ताबा ठेवावयास शिकल्यावाचून अवधान येत नाही, हे त्यामागील तत्त्व होते. १९११ मध्ये बिने निवर्तले, आणि त्यांचे साधन निराळ्या हेतूच्या लोकांच्या हाती गेले.

१९१२ मध्ये जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली. १९१६ मध्ये अमेरिकेतील लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक प्रचारात आणला. येथे एक सूक्ष्म पण मोठा बदल घडला. ‘हे मूल आज अमुक गोष्टी करू शकते’ या विधानाची जागा ‘या मुलाचा बुद्ध्यंक अमुक आहे’ या विधानाने घेतली. पहिल्या विधानात मुलाच्या कृतीचे वर्णन आहे. दुसरे ऐकणाऱ्याला मात्र ते उंचीसारखे किंवा रक्तगटासारखे त्या मुलाचे अंगभूत लक्षण वाटू लागते.

या बदलाचे परिणाम दूरवर गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १९१७ पासून सुमारे १७ लाख सैनिकांच्या सामूहिक बुद्धिकसोट्या घेतल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगॅम यांनी १९२३ मध्ये असा निष्कर्ष काढला की दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी आहेत. त्याच आकड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. जे स्थलांतरित अमेरिकेत अनेक वर्षे राहिले होते त्यांचे गुण नुकत्याच आलेल्यांपेक्षा बरेच अधिक होते. म्हणजे त्या कसोट्या पुष्कळ अंशी इंग्रजी भाषेचा आणि अमेरिकन जीवनाचा परिचय मोजीत होत्या. १९३० मध्ये स्वतः ब्रिगॅम यांनी आपले निष्कर्ष मागे घेतले. ते त्यांच्या प्रामाणिकपणास भूषणावह आहे. परंतु मधल्या काळात परदेशी लोकांचा प्रवेश मर्यादित करणारा कायदा १९२४ मध्ये होऊन गेला होता, आणि तो व्हावा म्हणून चाललेल्या वादात या आकड्यांचाही उपयोग झाला होता.

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना निरनिराळ्या शाळांत पाठविण्याची पद्धत सर्वत्र पसरली. अकराव्या वर्षीच्या एका सकाळी कोण विद्यापीठाच्या वाटेवर जाईल आणि कोण जाणार नाही, हे बहुतांशी ठरून जाई. पुढे बहुतेक भागांत ही पद्धत सोडून देण्यात आली. काही भागांत ती आजही आहे. आपण आपल्या शाळेत पाचवीला किंवा आठवीला तुकड्या पाडतो, तेव्हा हेच लहान प्रमाणावर करीत असतो.

आपल्या या परिसराचाही बुद्धिमापनाशी जवळचा संबंध आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. येथून काही तासांच्या अंतरावरील धारवाड भागातील मुलांवर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्यांचे भारतीय रूप तयार केले, आणि ते मराठी व कानडी या दोन्ही भाषांत केले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि बिने-कामत या नावाने ती कसोटी पुढे देशभर अनेक चिकित्सालयांत वापरली गेली. मुलाची पारख त्याच्या भाषेत आणि त्याच्या ओळखीच्या वस्तूंच्या आधारेच केली पाहिजे, हे तत्त्व त्या कामामागे होते. पुढे १९५५ मध्ये सी. एम. भाटिया यांनी अक्षरओळख नसलेल्यांनाही देता येतील अशा कृतिकसोट्यांचा संच सिद्ध केला. लिहितावाचता न येणे आणि बुद्धी नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी गृहीत धरले होते. आपल्याला तर याची साक्ष बहिणाबाई चौधरी यांनी दिली आहे. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंची कविता १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली आणि मराठी कवितेत तिने आपले स्थान मिळविले.

आता बुद्धी एक की अनेक, या वादाकडे वळू. १९०४ मध्ये इंग्लंडचे चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखविले की जी मुले एका विषयात वर असतात ती साधारणतः इतर विषयांतही वर असतात. यावरून सर्व बौद्धिक कामांच्या मुळाशी एक सामान्य शक्ती असली पाहिजे, असे त्यांनी मांडले. अमेरिकेचे थर्स्टन यांनी १९३८ मध्ये याला उत्तर देताना शब्दज्ञान, शब्दांचा ओघ, संख्या, अवकाश, स्मरण, वेगाने पारखणे आणि तर्क अशा सात प्राथमिक शक्ती सांगितल्या. गिल्फर्ड यांनी याहून पुष्कळ बारीक विभागणी केली. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीतील मानसशास्त्रीय कामात त्यांच्या मांडणीचा आधार घेतला गेला आहे. १९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, शारीरिक हालचालींची, अवकाशाची, इतरांना ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची अशा सात बुद्धिमत्ता त्यांनी सांगितल्या. पुढे निसर्गातील वस्तू पारखण्याची आठवी तीत घातली. मेंदूच्या एका भागास इजा झाली असता माणसाची वाणी जाते पण गाणे राहते, अशा उदाहरणांचा त्यांनी आधार घेतला.

शिक्षकांना गार्डनर यांची मांडणी फार आवडली, आणि ते स्वाभाविक होते. जे मूल बेरजेत मागे असूनही कबड्डीच्या मैदानावर साऱ्या संघाची हालचाल एका नजरेत टिपते, त्याच्याविषयी आदराने बोलावयास या मांडणीने आपल्याला शब्द दिले. तथापि शास्त्राच्या दृष्टीने या मांडणीवर गंभीर आक्षेप आहेत, हे मी आपल्यापासून लपवू इच्छीत नाही. या आठ शक्ती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे मापनातून सिद्ध झालेले नाही. १९९३ मध्ये जॉन कॅरोल यांनी साठ-सत्तर वर्षांतील चारशेहून अधिक आकडेसंचांची फेरमांडणी केली, तेव्हा त्यांना तीन थरांची रचना आढळली. तळाशी अनेक सूक्ष्म कौशल्ये, त्यांवर काही व्यापक शक्ती, आणि सर्वांत वर स्पिअरमन यांची सामान्य शक्ती. म्हणजे बुद्धी एक आहे हेही काही अंशी खरे, आणि ती अनेक आहे हेही खरे. कोणता थर पाहावयाचा हे आपल्या प्रयोजनावर अवलंबून आहे. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला वरच्या थराचा फारसा उपयोग नाही, कारण तेथे त्याला करण्यासारखे काही नसते. तळाच्या थरावर मात्र तो रोज काम करू शकतो.

बुद्धी बदलत नाही या समजुतीलाही मोठा धक्का बसला आहे. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८७ मध्ये चौदा देशांतील नोंदी एकत्र मांडून दाखविले की एकेका पिढीत बुद्धिकसोट्यांवरील सरासरी गुण लक्षणीय वाढत गेले आहेत. एका पिढीत आनुवंशिकता बदलत नाही. शाळा, आहार, कुटुंबाचा आकार, आणि अमूर्त विचार करण्याची सवय या गोष्टी बदलतात. व्यक्तीव्यक्तींत जन्मजात फरक असतात हे कोणी नाकारीत नाही, परंतु परिस्थितीला वाव किती मोठा आहे हे यावरून दिसते.

आता एक प्रत्यक्ष अनुभव सांगते. अध्यापनाचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांचे पाठ पाहण्यासाठी मी एकदा एका खेडेगावच्या शाळेत बसले होते. फळ्यावर दशांश अपूर्णांकाचा गुणाकार होता: छत्तीस गुणिले शून्य दशांश पंचाहत्तर. एका मुलीला उठविले गेले. तिला काहीच सुचेना. तिची आई आठवडी बाजारात भाजी विकते, हे शेजारच्या मुलीने हळूच सांगितले. सरावाचा पाठ देणारा तरुण चतुर होता. त्याने विचारले, “वांगी छत्तीस रुपये किलो असली तर पाऊण किलोचे किती घेशील?” ती लगेच म्हणाली, “अर्ध्याचे अठरा, पावाचे नऊ, सत्तावीस.” त्याने तेच उत्तर फळ्यावर लिहिले आणि तिला म्हणाला, “बाई, हेच गणित आहे. आता ते या भाषेत कसे लिहावयाचे तेवढे पाहू.” मी माझ्या वहीत त्या पाठाला पूर्ण गुण दिले.

त्या मुलीची गोष्ट अपवादात्मक नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात कॅरहर, कॅरहर आणि श्लीमान या संशोधकांनी रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला आणि तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. विक्री करताना विचारलेली ९८ टक्के गणिते त्या मुलांनी बरोबर सोडविली. तीच गणिते कागदावर केवळ संख्यांच्या रूपात दिली तेव्हा ३७ टक्के बरोबर आली. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात आला. गुंतागुंतीचे हिशेब मनात करणारी ती मुले शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत अडखळली. आणि याची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे: शाळेत जाणारी, पण बाजारात काम न करणारी मुले बाजारातील हिशेबांत अडखळली. तेव्हा ‘ढ’ कोणाला म्हणावयाचे? एका दारातून दोघांपैकी एक आत येतो, दुसऱ्या दारातून दुसरा. दोघांनाही दोन्ही दारे उघडून देणे हे शाळेचे काम आहे. पाव, अर्धा, पाऊण यांची रीत आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी या पाढ्यांनी शिकविली जात असे. बाजारातील हिशेब आणि शाळेचे गणित त्यामुळे एकमेकांना परके राहत नसत.

येथे मला एका नव्या धोक्याचा इशारा द्यावयाचा आहे. अलीकडे शिक्षक-प्रशिक्षणात ‘अध्ययनशैली’ हा शब्द फार ऐकू येतो. हे मूल पाहून शिकणारे, ते ऐकून शिकणारे, तिसरे हाताने करून शिकणारे, अशी विभागणी केली जाते, आणि प्रत्येकाला त्याच्याच पद्धतीने शिकवावे असे सांगितले जाते. ऐकावयास हे उदार वाटते. परंतु २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मुलाच्या शैलीशी जुळवून शिकविल्याने ते अधिक शिकते याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. गार्डनर यांनीही आपली बहुविध बुद्धिमत्ता आणि ही अध्ययनशैली या दोन गोष्टी एक नव्हेत असे स्पष्ट केले आहे. ‘ढ’ ही चिठ्ठी काढून तिच्या जागी ‘केवळ हाताने शिकणारा’ ही चिठ्ठी लावली, तर मुलाचे काय हित झाले? मग त्याला वाचावयास कमी दिले जाईल, आणि जे त्याला येत नाही ते कधीच येणार नाही. नकाशा हा पाहूनच शिकावा लागतो आणि उच्चार ऐकूनच; कोणाची आवड काहीही असो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मुलांचे प्रकार पाडू नयेत, पाठाचे प्रकार वाढवावेत. एकच अपूर्णांक भाकरीचे तुकडे करून दाखवावा, कागदाची घडी घालून दाखवावा, बाजारभावाने विचारावा, आणि शेवटी अंकांत लिहून घ्यावा. आणि हे सारे वर्गातील सर्व मुलांसाठी करावे. ज्याचे जेथे जमते तेथून तो आत येईल, आणि जेथे जमत नाही तेथेही त्याला जाणे भाग पडेल. याच्या जोडीला उजळणीचे महत्त्व आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखविले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून तो आठवून पाहिला तर आठवडाभरानंतर अधिक लक्षात राहतो. आपल्या आज्या-पणज्या संध्याकाळी दिवा लावल्यावर मुलांकडून परवचा म्हणवून घेत, त्यात आठवून म्हणण्याचा हाच अभ्यास नित्य घडत असे.

एखाद्या मुलात विशेष गुण दिसला तर काय करावे? याचे उत्तर देणारे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी गावी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा जन्मला. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील थोर गवयांचे गाणे तो लहानपणीच हुबेहूब म्हणे. लोक थक्क झाले आणि त्याला कुमार गंधर्व म्हणू लागले. तेवढ्यावरच सारे थांबले असते, तर तो एक आश्चर्याचा बालक म्हणून विसरला गेला असता. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात गेला, आणि तेथे अनेक घराण्यांचे संगीत ऐकत, विचार करीत, अनुकरणाच्या पलीकडे गेला. पुढे क्षयाच्या आजारामुळे इंदूरजवळच्या देवासला स्थायिक झाल्यावर माळव्याची लोकगीते त्यांनी नव्या कानाने ऐकली. गुण जन्मजात होता, यात शंका नाही. परंतु गुण ओळखणारा, आणि ओळखून तेथेच न थांबविणारा गुरू मिळाला, म्हणून तो फळास आला. ज्याला ‘ढ’ म्हणतो त्याचे नुकसान आपल्याला दिसते. ज्याला ‘हुशार’ म्हणून सोडून देतो त्याचेही नुकसान होते, ते मात्र दिसत नाही.

सीमाभागातील मुलांविषयी दोन शब्द बोलणे येथे अवश्य आहे. आपले मूल घरी मराठी बोलते, बाजारात कानडी, शेजारी कोंकणी किंवा उर्दू ऐकते, आणि पुस्तकात इंग्रजी वाचते. अनेक भाषांनी मुलाच्या बुद्धीचा गोंधळ होतो, असे जुन्या काळी पंडितही म्हणत. त्यांचे अभ्यास बहुधा गरीब स्थलांतरित मुलांची तुलना सुखवस्तू एकभाषिक मुलांशी करणारे होते. १९६२ मध्ये पील आणि लँबर्ट यांनी कॅनडातील माँट्रियल येथे, घरची परिस्थिती सारखी असलेली दहा वर्षांची मुले घेऊन पाहिले, तेव्हा फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट पुढे होती. द्विभाषिकतेचा बुद्धीला खास लाभ होतो की नाही याविषयी त्यानंतर मतभेद झाले आहेत. परंतु तिने बुद्धी खुंटते, हे मत टिकलेले नाही. म्हणून जे मूल नव्या भाषेतील प्रश्नापुढे गप्प उभे राहते, त्याला तोच प्रश्न घरच्या भाषेत एकदा विचारून पाहावा. उत्तर आले तर अडचण भाषेची आहे, विषयाची नाही. आणि तिच्यावरील उपायही निराळा आहे.

तसेच काही मुलांना अक्षरे वाचणे व लिहिणे यांतच विशेष अडचण असते. बोलण्यात ती चुणचुणीत, आणि वही मात्र चुकांनी भरलेली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. अशा मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याचे डोळे आणि कान तपासावेत, आणि नंतर तज्ज्ञाकडे पाठवावे, एवढी काळजी प्रत्येक शाळेला घेता येण्यासारखी आहे.

आपण सर्व शिक्षक व पालक आहात, म्हणून शेवटी तीन सूचना करून मी थांबणार आहे. पहिली अशी की प्रगतिपुस्तकात मुलाविषयी लिहिताना विशेषण टाळावे आणि कृती लिहावी. ‘गणितात कच्चा’ असे लिहिल्याने पालकाला काय करावे हे कळत नाही. ‘छेद वेगळे असतील तर अपूर्णांकांची बेरीज करताना अडतो’ असे तारखेसह लिहिले, तर पुढच्या महिन्यात ते खोडता येते. विशेषण खोडले जात नाही. दुसरी सूचना अशी की तुकड्या पाडावयाच्याच असतील तर त्या सर्व विषयांसाठी आणि साऱ्या वर्षासाठी पाडू नयेत. एखाद्या विषयात, एखाद्या घटकापुरते मागे पडलेल्यांना काही आठवडे एकत्र बसवून शिकवावे आणि पुन्हा आपल्या वर्गात पाठवावे. बिने यांची मूळ योजना याच जातीची होती. तिसरी सूचना पालकांना. दोन भावंडांत एक हुशार आणि दुसरा बावळा अशी वाटणी घरात करू नका. मुले ती वाटणी खरी मानतात आणि तिच्याप्रमाणे वागू लागतात.

या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागतो तो वेळ, आणि मुलाकडे दुसऱ्यांदा पाहण्याची तयारी. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात वेळ मिळणे किती कठीण आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी सर्व मुलांविषयी एकदम मागणी करीत नाही. प्रत्येक शिक्षकाने या वर्षी आपल्या वर्गातील एका मुलाची निवड करावी, ज्याच्याविषयी आपले मत पक्के झाले आहे अशा मुलाची. आणि त्याला काय येते, हे महिनाभर नुसते लिहून काढावे. काय येत नाही ते तर आपण लिहितोच. त्या महिन्याच्या शेवटी तुमचे मत पूर्वीइतकेच पक्के राहिले, तर माझे आजचे बोलणे खुशाल विसरून जा.